अ नाइट ॲट दि ऑपेरा

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाची १९७५ मधील दीर्घ ध्वनिमुद्रिका. वाद्यवृंदाची ही चौथी ध्वनिमुद्रिका होय. ग्लॅम रॉक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीतप्रवाहाच्या उतरत्या काळात ती निघाली. त्या प्रवाहातील वेशभूषा, नाट्यमयता व अतिशयोक्ती यांना तिने ध्वनिमुद्रणतंत्राची जोड दिली. ऑगस्ट ते नोव्हेंबर १९७५ या काळात इंग्लंड व वेल्समधील अनेक ध्वनिमुद्रणगृहांत तिची निर्मिती झाली आणि नोव्हेंबर १९७५ मध्ये ई.एम.आय. कंपनीने ती प्रसिद्ध केली. या ध्वनिमुद्रिकेतील प्रमुख गायक व पियानोवादक फ्रेडी मर्क्युरी याचे शालेय शिक्षण सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे झाले असल्याने महाराष्ट्राच्या दृष्टीनेही तिच्या इतिहासाला थोडे वेगळे महत्त्व आहे.

फ्रेडी मर्क्युरी (५ सप्टेंबर १९४६–२४ नोव्हेंबर १९९१) याचे मूळ नाव फरोख बलसारा. त्याचा जन्म झांझिबार येथे पारशी कुटुंबात झाला. गुजरातमधील बलसाड (वलसाड) हे या घराण्याचे मूळ गाव; आडनावही त्यावरूनच आलेले. वडील झांझिबारमध्ये ब्रिटिश शासनाच्या नोकरीत होते. पूर्व आफ्रिकेतील पारशी कुटुंबे मुलांना शिक्षणासाठी हिंदुस्थानात पाठवीत. त्याप्रमाणे १९५५ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, फरोखला बोटीने मुंबईस व तेथून पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूल या निवासी शाळेत धाडण्यात आले. वाईहून पसरणीचा घाट चढला की सु. १,३०० मी. उंचीवर हे थंड हवेचे ठिकाण लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी वसविलेल्या या गावाची ओळख पुढे निवासी शाळांचे गाव अशीच झाली. ‘फ्रेडी’ हे नाव त्याला याच शाळेत मिळाले. त्याचा संगीताकडील ओढा शिक्षकांच्या लक्षात आला व त्यांच्या सूचनेवरून घरच्यांनी पियानोच्या शिकवणीची जादा फी भरण्यास मान्यता दिली. पियानोच्या परीक्षेत त्याने चौथ्या श्रेणीपर्यंत मजल मारली. शाळेच्या गायकवृंदात तो गात असे आणि नाटकांत कामेही करीत असे. १९५८ च्या सुमारास त्याने चार शाळासोबत्यांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड आदींची त्या वेळची लोकप्रिय गाणी हा वाद्यवृंद शाळेच्या समारंभांत वाजवी. त्यात फ्रेडी मुख्य गायक नव्हता. तो पियानोवर असे. पुढे ज्याचा आवाज जगभर गाजला, त्याची पहिली ओळख वादक म्हणून झाली, ही गोष्ट त्याच्या रचना समजून घेताना विसरून चालत नाही. त्याची बहुतेक गाणी पियानोच्या पट्ट्यांवर बांधलेली आहेत.

सुट्ट्यांत तो मुंबईस नातेवाइकांकडे राही. या वास्तव्यात लता मंगेशकरांच्या गाण्याचा त्याच्यावर संस्कार झाला, असे काही चरित्रकारांनी लिहिले आहे. ते अशक्य नाही. पण त्याच्या गाण्यांत रागसंगीताचा किंवा चित्रपटगीतांच्या बांधणीचा माग काढू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. पाचगणीने त्याला दिले ते शिस्तबद्ध पियानोवादन, समूहगायनाची सवय आणि रंगमंचाची आवड. ही तिन्ही मुख्यतः इंग्रजी शाळेची देणगी होती. १९६२–६३ च्या सुमारास तो झांझिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तेथे क्रांती झाली, सुलतानाची सत्ता उलथली गेली व रक्तपात झाला. बलसारा कुटुंब सर्वस्व मागे टाकून इंग्लंडला गेले आणि लंडनजवळील फेल्टम येथे स्थायिक झाले. फ्रेडीने ईलिंग येथील कलाशाळेतून १९६९ मध्ये आलेखीय संकल्पनाची पदविका घेतली. वाद्यवृंदाचे राशिचिन्हांनी युक्त असे बोधचिन्ह पुढे त्यानेच रेखाटले. प्रस्तुत ध्वनिमुद्रिकेच्या पांढऱ्या शुभ्र वेष्टनावर तेच छापलेले आहे.

‘क्वीन’ची स्थापना १९७० मध्ये झाली. गिटारवादक ब्रायन मे हा लंडनच्या इंपीरिअल कॉलेजात खगोलभौतिकीचा संशोधक विद्यार्थी होता. राशिचक्रीय धूलिकणांवरील त्याचा प्रबंध संगीतापायी अर्धवट राहिला व तो थेट २००७ मध्ये पूर्ण झाला. त्याची गिटार त्याने व त्याच्या वडिलांनी १९६३ पासून घरीच बनविली होती. तिच्या दांड्यासाठी एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले होते. ती तो नखीऐवजी सहा पेन्सच्या नाण्याने वाजवी. तालवादक रॉजर टेलर प्रथम दंतवैद्यकाचा व नंतर जीवशास्त्राचा विद्यार्थी होता. १९७१ मध्ये आलेला बास गिटारवादक जॉन डीकन विद्युत्‌शास्त्राचा पदवीधर होता. त्याने कचऱ्यात सापडलेल्या एका मंडलपटापासून छोटा ध्वनिवर्धक तयार केला होता. हा ध्वनिवर्धक व ती घरगुती गिटार यांच्या संयोगातून निघणारा आवाज या ध्वनिमुद्रिकेत फार उपयोगी पडला. आवाज हाताने घडविण्याची वृत्ती चौघांतही होती. संश्लेषक (सिंथेसायझर) हे विद्युत् वाद्य त्या काळी सर्वत्र बोकाळले असता ‘यात संश्लेषक वापरलेला नाही’ अशी नोंद ते आपल्या वेष्टनांवर अभिमानाने छापीत.

ग्लॅम रॉकचा उदय इंग्लंडमध्ये १९७१ च्या सुमारास झाला. मार्क बोलन याच्या ‘टी. रेक्स’ या वाद्यवृंदाची इलेक्ट्रिक वॉरियर (१९७१) व डेव्हिड बोवी याची झिगी स्टारडस्ट या नावाने प्रसिद्ध असलेली ध्वनिमुद्रिका (१९७२) हे त्याचे ठळक टप्पे होत. साठोत्तरी रॉक संगीतात साधी, मळकी वेशभूषा व गंभीर मुद्रा यांना प्रतिष्ठा आली होती. तिला हा उघड विरोध होता. चमचमते कपडे, उंच टाचांचे बूट, पुरुषांनी डोळ्यांत घातलेले काजळ व नखांना लावलेला रंग, आणि गायकाने स्वतः म्हणून न गाता एखादे सोंग घेऊन गाणे ही त्याची लक्षणे होत. इंग्लंडमधील जुन्या पिढीला याचा धक्का बसला. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांची परंपरा सांगणाऱ्या, किंवा नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या यात्रेत तमाशाचे फड पाहिलेल्या मराठी वाचकाला मात्र रंगभूषेतील पुरुष ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. एकनाथांच्या भारुडांत एकच गायक जोगवा मागणारी, वासुदेव, गोंधळी अशी नाना सोंगे आणतो, तोही याच जातीचा प्रकार आहे. हेतू अर्थातच भिन्न आहे; भारुडाच्या सोंगामागे परमार्थ आहे, तर ग्लॅम रॉकचे सोंग पुष्कळदा सोंगासाठीच असते.

क्वीन या प्रवाहात १९७३–७४ मध्ये आले, म्हणजे थोडे उशिराच. झँड्रा ऱ्होड्स या वेशभूषाकर्तीने त्यांच्यासाठी पिसाऱ्यासारख्या बाह्यांचे पांढरे पोषाख तयार केले. १९७४ मध्ये त्यांच्या दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्यांपैकी दुसरीतील ‘किलर क्वीन’ हे गाणे ब्रिटिश विक्रीक्रमात दुसऱ्या स्थानापर्यंत पोहोचले. एप्रिल १९७५ मध्ये जपानमध्ये विमानतळावर हजारो चाहत्यांनी त्यांचे स्वागत केले. असे असूनही चौघांची आर्थिक स्थिती ओढगस्तीची होती. लंडनच्या ट्रायडंट या संस्थेशी त्यांनी सुरुवातीस केलेल्या करारानुसार ध्वनिमुद्रण, व्यवस्थापन व प्रकाशन हे सर्व एकाच संस्थेच्या हाती होते आणि वादकांना आठवड्याला सु. ६० पौंड वेतन मिळे. संस्थेची बाजू अशी, की उत्पन्न सुरू होण्यापूर्वी तिने वाद्यवृंदावर मोठी रक्कम गुंतविली होती. वादकांचे म्हणणे, की गाणी विकली जात असता आपण कर्जात आहोत. दोन्ही म्हणण्यांत तथ्य असावे. १९७५ च्या उन्हाळ्यात हा करार मोडला. त्यासाठी वाद्यवृंदाने १ लक्ष पौंड देण्याचे व पुढील सहा ध्वनिमुद्रिकांच्या उत्पन्नाचा एक टक्का सोडण्याचे मान्य केले. जॉन रीड हा नवा व्यवस्थापक आला. त्याने वादकांना सांगितले, की व्यवहाराची काळजी मी करतो, तुम्ही चांगली ध्वनिमुद्रिका तयार करा. ती चालली नसती, तर वाद्यवृंद टिकणे कठीण होते. ध्वनिमुद्रिकेचे पहिलेच गाणे जुन्या व्यवस्थापनावर केलेला उघड शाब्दिक हल्ला आहे; त्यातील कडवटपणा इतका आहे, की ऐकणाराही क्षणभर ओशाळतो.

निर्मितीचे काम जुलैमध्ये सरे परगण्यातील एका शेतघरातील तालमींनी सुरू झाले. ऑगस्टच्या अखेरीस मंडळी वेल्समधील मनमथजवळच्या रॉकफील्ड या ध्वनिमुद्रणगृहात गेली. दुभत्या जनावरांच्या शेतावर, जुन्या इमारतींत दोघा भावांनी उभारलेले हे गृह जगातील पहिले निवासी ध्वनिमुद्रणगृह मानले जाते. पुढील काम लंडनमधील निरनिराळ्या गृहांत झाले. मुदत जवळ आली, तेव्हा एकाच वेळी तीन ठिकाणी काम चाले. एक जण एका गृहात गिटार मुद्रित करीत असे, तर दुसरा दुसरीकडे गात असे. निर्माता रॉय टॉमस बेकर व ध्वनिअभियंता माइक स्टोन यांनी या सर्वांचा मेळ घातला. खर्च सु. ४०,००० पौंड झाला असे सांगतात. तोपर्यंतची ही सर्वांत महागडी रॉक ध्वनिमुद्रिका असे तिचे वर्णन सर्वत्र आढळते. त्याचा पडताळा पाहणे कठीण असले, तरी त्या काळाच्या मानाने ही रक्कम खरोखरच मोठी होती.

येथे तत्कालीन ध्वनिमुद्रणतंत्राची थोडी माहिती आवश्यक आहे. त्या वेळी ध्वनी दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर मुद्रित करीत. या फितीवर २४ समांतर ध्वनिपथ असत. प्रत्येक पथावर एक वाद्य किंवा एक आवाज स्वतंत्रपणे नोंदवून शेवटी सर्वांचे मिश्रण करीत. चोवीसही पथ भरले, की त्यांतील काहींचे मिश्रण करून ते एकदोन पथांवर उतरवायचे व मोकळ्या झालेल्या पथांवर नवे आवाज भरायचे, अशी युक्ती योजावी लागे. मात्र अशा प्रत्येक उतरणीत आवाजाची स्वच्छता थोडी कमी होई आणि फीत यंत्रावरून जितक्या वेळा फिरे, तितक्या वेळा तिच्यावरील आयर्न ऑक्साइडचा लेप झिजे. याच सुमारास मुंबईत बहुतेक चित्रपटगीतांचे मुद्रण गायक व संपूर्ण वाद्यवृंद एकत्र बसवून, सर्वांनी एकदम गाऊन-वाजवून होत असे. ऑगस्ट १९७५ मध्ये प्रदर्शित झालेल्या शोले या चित्रपटाच्या काळापर्यंत हीच रूढ रीत होती. एका वादकाची चूक झाली, की सगळ्यांनी पहिल्यापासून आरंभ करायचा. त्या पद्धतीत कसोटी लागे ती पूर्वतयारीची व एकाग्रतेची. या पद्धतीत लागे ती चिकाटीची व स्मरणाची, कारण अंतिम रूप कित्येक आठवडे फक्त रचनाकाराच्या डोक्यात असे.

या चिकाटीचे टोक म्हणजे ‘बोहीमियन ऱ्हॅप्सडी’ हे मर्क्युरीचे गाणे. सु. सहा मिनिटांच्या या गाण्याला ध्रुवपद नाही. वाद्यांच्या साथीवाचून केलेले समूहगायन, पियानोवरील संथ भावगीत, गिटारवादन, संगीतिकेचे विडंबन, जोरकस रॉक व पुन्हा संथ समारोप असे त्याचे भाग एकापुढे एक येतात आणि एकही भाग पुन्हा येत नाही. एक तरुण आपल्या हातून झालेल्या हत्येची कबुली आईजवळ देतो, एवढा कथाभाग कळतो. पुढील अर्थ मर्क्युरीने कधीच स्पष्ट केला नाही. पियानो, बास व ताल यांचा पाया रॉकफील्ड येथे मुद्रित झाला. संगीतिकेच्या भागासाठी मधे नुसत्या फितीची जागा सोडली होती. पियानो वाजविता वाजविता मर्क्युरी थांबला आणि ‘येथे संगीतिका येईल’ असे म्हणून पुढे गेला, ही आठवण बेकरने अनेकदा सांगितली आहे. मग मर्क्युरी, मे व टेलर यांनी तीन आठवडे, दिवसाला दहा ते बारा तास, हा भाग गाऊन भरला. टेलरकडे सर्वांत उंच सप्तक, मेकडे खालचे व मर्क्युरीकडे मधले. तिघांनी एकेक सुरावट एकत्र गायची, तीच पुन्हा गायची, मग पुढचा स्वर. अशा रीतीने तीन कंठांतून शंभरांवर माणसांचा गायकवृंद उभा राहिला. आवाजांचे थर सु. १८० पर्यंत गेले. फीत इतकी झिजली, की उजेडासमोर धरली असता आरपार दिसू लागली. ती घाईने नव्या फितीवर उतरवून घ्यावी लागली.

या भागात इटालियन विनोदी रंगभूमीवरील पात्र, एका खगोलशास्त्रज्ञाचे नाव, संगीतिकेतील एक नाभिक आणि एक अरबी धार्मिक शब्द यांची सरमिसळ आहे. त्यांत गूढार्थ शोधणाऱ्यांनी पुष्कळ लिहिले आहे. शब्द नादासाठी निवडले असावेत हे मत अधिक पटण्यासारखे आहे. मात्र निवड ज्या भांडारातून झाली, ते झांझिबार, पाचगणी व लंडन अशा तीन ठिकाणी वाढलेल्या मुलाचे भांडार होते, एवढे म्हणण्यास हरकत नाही. पाश्चात्त्य अभिजात संगीतिकेशी या भागाचे नाते बाह्य रूपापुरते आहे. संगीतिकेत गायनातून नाट्य पुढे सरकते. येथे संगीतिकेच्या लकबींची प्रेमळ नक्कल आहे. ध्वनिमुद्रिकेचे नावही संगीतिकेवरून थेट आलेले नाही. मार्क्स बंधूंचा ए नाइट ॲट दि ऑपेरा (१९३५) हा विनोदी चित्रपट वादकांनी कामाच्या दिवसांतच एका संध्याकाळी पाहिला आणि त्याचे नाव उचलले. त्या चित्रपटात संगीतिकेच्या भारदस्त प्रयोगाची धमाल उडविलेली आहे. पुढील वर्षीच्या ध्वनिमुद्रिकेलाही त्यांनी याच बंधूंच्या दुसऱ्या चित्रपटाचे नाव दिले.

उरलेल्या अकरा रचनांतही विविधता आहे आणि ती कोठे कोठे अंगावर येते. सव्वा मिनिटाच्या एका विनोदी गाण्यात जुन्या कर्ण्याच्या ध्वनियंत्रासारखा आवाज यावा म्हणून मर्क्युरीचे गायन कानाला लावायच्या श्रवणयंत्रातून एका पत्र्याच्या डब्यात वाजविले व तेथून ते पुन्हा मुद्रित केले. ‘सीसाइड रॉन्डेव्हू’मध्ये बासऱ्या, क्लॅरिनेट व तुताऱ्या ऐकू येतात; त्या सर्व मर्क्युरी व टेलर यांच्या तोंडच्या नकला आहेत आणि नाचणाऱ्या बुटांचा टपटप आवाज बोटांत शिवणकामाची टोपणे घालून काढलेला आहे. मेच्या ‘गुड कंपनी’मध्ये १९२० च्या दशकातील जाझ वाद्यवृंद एकट्या गिटारीवर उभा केला आहे. त्यासाठी डीकनच्या कचऱ्यातील ध्वनिवर्धकाचा उपयोग झाला. प्रत्येक वाद्याचा एकेक स्वर स्वतंत्रपणे मुद्रित करीत हे काम झाले. मेचेच ‘थर्टीनाइन’ हे लोकगीताच्या ढंगाचे गाणे आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादावर आधारलेले आहे. प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास प्रवास करून परतलेल्या यात्रिकाला एक वर्ष गेल्यासारखे वाटते, पृथ्वीवर मात्र पिढ्या उलटलेल्या असतात. खगोलभौतिकीचा अर्धवट सुटलेला अभ्यास येथे विरहगीत होऊन आला आहे, आणि ध्वनिमुद्रिकेतील सर्वांत निर्मळ गाणे कोणते असे विचारल्यास याच गाण्याकडे बोट दाखवावे लागेल. यातील उभ्या बासची साथ मेने डीकनला थट्टेत सुचविली होती. काही दिवसांनी डीकन ते वाद्य शिकून हजर झाला.

आठ मिनिटांवर चालणारे ‘द प्रॉफेट्स साँग’ प्रलयाच्या स्वप्नावरून सुचलेले आहे. त्याच्या मध्यभागी मर्क्युरीचा एकट्याचा आवाज फितीच्या साहाय्याने काही क्षण मागे ठेवून पुन्हा ऐकविला जातो व त्या प्रतिध्वनीवर तो पुढची ओळ गातो. गायक आपल्याच भूतकाळाशी जुगलबंदी करतो आहे असा त्याचा परिणाम होतो. जपानमध्ये भेट मिळालेले खेळण्यातले कोतो वाद्यही या गाण्यात वाजविले आहे. ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ या पियानोवरील प्रेमगीतात मेने हार्प वाजविली; ते वाद्य त्याला सवयीचे नसल्याने एकेक स्वरगुच्छ सुटा मुद्रित करून जोडावा लागला. हेच गाणे पुढे दक्षिण अमेरिकेत विलक्षण लोकप्रिय झाले. १९८१ मध्ये साऊँ पाउलू येथील क्रीडागारात प्रचंड जनसमुदायाने ते एकमुखाने गायले, तेव्हा मर्क्युरीने स्वतः गाणे थांबविले. डीकनचे ‘यू आर माय बेस्ट फ्रेंड’ त्याने विद्युत् पियानो शिकता शिकता रचले. मर्क्युरीने ते वाद्य वाजविण्यास नकार दिल्याने ते डीकनलाच वाजवावे लागले. टेलरचे मोटारगाडीवरील गाणे व मेचे ‘स्वीट लेडी’ ही त्या मानाने सामान्य होत. दुसरे वगळले असते, तरी ध्वनिमुद्रिकेचे काही बिघडले नसते. शेवटी ब्रिटिश राष्ट्रगीताची मेने गिटारीवर बसविलेली धून येते. ती मुद्रित वर्षभर आधीच झाली होती.

एकच गाणे असलेली लहान तबकडी आधी काढून मग दीर्घ ध्वनिमुद्रिका विकायची, अशी त्या धंद्याची रीत होती. वाद्यवृंदाने ‘बोहीमियन ऱ्हॅप्सडी’ निवडले. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी व इतरांनी हरकत घेतली, कारण आकाशवाणी केंद्रे तीनसाडेतीन मिनिटांपेक्षा लांब गाणे वाजवीत नसत. ते कापून लहान करण्याची सूचना वादकांनी फेटाळली. बेकर व मर्क्युरी यांनी एक प्रत लंडनच्या कॅपिटल रेडिओवरील केनी एव्हरेट या निवेदकाला दिली आणि ‘हे वाजवायचे नाही’ अशी अट डोळे मिचकावून घातली. एव्हरेटने ते दोन दिवसांत चौदा वेळा वाजविले. सोमवारी लोक दुकानांत अद्याप न निघालेल्या तबकडीची मागणी करू लागले. ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी ती निघाली व ब्रिटिश विक्रीक्रमात नऊ आठवडे पहिल्या स्थानी राहिली. तिच्या दुसऱ्या बाजूस टेलरचे मोटारगाडीचे गाणे होते. तबकडीच्या दोन्ही बाजूंच्या रचनाकारांना सारखेच मानधन मिळत असल्याने त्या गाण्याने टेलरला जवळजवळ तेवढेच पैसे मिळवून दिले; यावरून वाद्यवृंदात पुढे बरीच वर्षे कुरबुर होती. १९८९ पासून सर्व रचना चौघांच्या नावे नोंदविण्याचा निर्णय झाला, त्यामागे हाही अनुभव होता.

दौऱ्यामुळे दूरचित्रवाणीवर प्रत्यक्ष येणे शक्य नसल्याने ब्रूस गोअर्स या दिग्दर्शकाने १० नोव्हेंबर १९७५ रोजी एल्स्ट्री येथे सु. चार तासांत गाण्याची चित्रफीत तयार केली. अंधारात वरून प्रकाश पडलेले चार चेहरे ही तिच्यातील प्रतिमा, मिक रॉक या छायाचित्रकाराने १९७४ च्या ध्वनिमुद्रिकेसाठी टिपलेल्या छायाचित्रावरून घेतली होती. ही जगातील पहिली संगीत चित्रफीत असे पुष्कळदा छापले जाते. ते बरोबर नाही. बीटल्सने १९६६ मध्येच आपल्या गाण्यांचे लघुचित्रपट काढले होते. गाण्याच्या विक्रीला चित्रफितीची किती मदत होते, हे मात्र या उदाहरणाने धंद्याला ठळकपणे पटले.

ध्वनिमुद्रिका ब्रिटनमध्ये पहिल्या व अमेरिकेत चौथ्या स्थानापर्यंत गेली. वाद्यवृंदाचे कर्ज फिटले. ब्रिटिश समीक्षकांपैकी काहींनी तिला दिखाऊ व अवास्तव म्हटले. दोन वर्षांच्या आत पंक रॉकचा उदय झाल्यावर हा आक्षेप अधिक कडक झाला. तीन सुरांत व तीन मिनिटांत गाणे बसवू पाहणाऱ्या त्या पिढीला १८० थरांचे गाणे हे सर्व दोषांचे प्रतीक वाटणे स्वाभाविक होते. आक्षेपात एक खरा मुद्दाही होता. संगीतिकेचा भाग रंगमंचावर गाणे चौघांना शक्यच नव्हते. तो भाग आला, की वादक आत जात, मुद्रित फीत वाजे आणि रॉकचा भाग सुरू होताच ते धावत परत येत. ज्या कलेचा प्राण रंगमंचावरील दिमाख, तिची सर्वोत्तम कृती रंगमंचावर सादर होऊ शकत नाही, हा पेच त्यांनी लपविला नाही. फितीच्या वेळी कोणी खोटे ओठ हलविले नाहीत, याची मात्र नोंद केली पाहिजे.

मर्क्युरी २४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्सशी संबंधित न्यूमोनियाने लंडन येथे मरण पावला. त्याचे अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले. आपल्या भारतीय पूर्वायुष्याबद्दल तो मुलाखतींत क्वचितच बोलला होता, त्यामुळे अनेक चाहत्यांना त्याचे मूळ नाव व कूळ त्या वेळीच प्रथम कळले. डिसेंबर १९९१ मध्ये ‘बोहीमियन ऱ्हॅप्सडी’ची तबकडी पुन्हा काढण्यात आली. ती पुन्हा पाच आठवडे पहिल्या स्थानी राहिली व तिचे उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्ट या संस्थेस देण्यात आले. २०१८ मध्ये याच नावाचा चरित्रपट निघाला. मर्क्युरीची भूमिका करणाऱ्या रामी मलेक याला २०१९ मध्ये ऑस्कर पारितोषिक मिळाले. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करावयाच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या सूचीत हे गाणे २०२२ मध्ये समाविष्ट केले.

मर्क्युरीच्या घरातील वस्तूंचा लिलाव सप्टेंबर २०२३ मध्ये लंडन येथे सदबीज या संस्थेने केला. त्याने रचनेसाठी वापरलेला यामाहा पियानो १७ लक्ष पौंडांवर, तर ‘बोहीमियन ऱ्हॅप्सडी’ची पंधरा पानी हस्तलिखिते सु. १३·८ लक्ष पौंडांस गेली. ही पाने एका विमान कंपनीच्या छापील कागदांची आहेत. त्यांवर खाडाखोड पुष्कळ असून एका पानावर गाण्याचे नाव प्रथम ‘मंगोलियन ऱ्हॅप्सडी’ असे लिहिले होते; त्यातील पहिला शब्द खोडून वर ‘बोहीमियन’ असे लिहिलेले दिसते.